गावाची सभा : येण्याचा हक्क आणि जाण्याची वाट

राजधानीच्या शहराचे वर्णन करताना आपण बहुधा तीन गोष्टी सांगतो : तेथील नामांकित वास्तू, तेथील उत्सव आणि तेथे भरणाऱ्या सभा. मुंबईचे नाव निघाले की गिरगावची चौपाटी, शिवाजी पार्क, आझाद मैदान आणि हुतात्मा चौक ही स्थळे ओघानेच येतात. १९२० सालच्या ऑगस्टात लोकमान्यांना अखेरचा निरोप देण्यासाठी मुंबई चौपाटीवर लोटली. १९५५-५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे गोळीबाराला सामोरी गेली आणि फ्लोरा फाउंटनचा परिसर हुतात्मा चौक झाला. या जागांचे महत्त्व दगडविटांनी आलेले नाही. तेथे माणसे जमली आणि जमून त्यांनी काही ठरविले, म्हणून त्या जागा शहराच्या झाल्या.

नाशिक ही काही राज्याची राजधानी नव्हे. १९५० सालच्या सप्टेंबरात पुरुषोत्तमदास टंडन यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले, तेव्हा देशाचे राजकारण काही दिवस आपल्या गांधीनगरात मुक्कामास आले होते खरे. पण तो पाहुणचार होता. तथापि माणसे जमविण्याच्या बाबतीत आपले गाव कोणत्याही राजधानीला हार जाणारे नाही. बारा वर्षांनी एकदा येथे जेवढा समुदाय लोटतो तेवढा फार थोड्या राजधान्यांच्या वाट्याला येत असेल. म्हणूनच सार्वजनिक जागा म्हणजे काय, हा प्रश्न नाशिककराने स्वतःला विचारणे अगत्याचे आहे. आम्ही त्यासाठी दोन साध्या कसोट्या सुचवितो. या जागी कोणाला येता येते? आणि जो आला तो सुखरूप घरी परत जातो काय? या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याच गावाच्या इतिहासात शोधावयाची आहेत.

निगमसभेत ऐकविलेला लेख

आरंभ थोडा मागून करू. शहराच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मीचा डोंगर आहे. आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो ती त्याच डोंगरात खोदलेली आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंची निवासस्थाने आणि प्रार्थनास्थाने होत. त्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे खर्चावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. त्यांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत, असा चोख हिशेब लेखात मांडलेला आहे.

पण आपल्याला हवे ते वाक्य शेवटी येते. हे सर्व निगमसभेत ऐकविण्यात आले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदविण्यात आले, असे तो लेख सांगतो. निगमसभा म्हणजे नगरातील व्यापारी आणि कारागीर यांची सभा. दान देणारा राजाचा जावई होता. तरी त्याला आपला व्यवहार गावाच्या सभेपुढे वाचून दाखवावा लागला. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. त्या सभेत कोण बसत असे आणि कोण बाहेर उभा राहत असे, हे लेख सांगत नाही. परंतु चार लोकांसमोर झालेले बोलणे पक्के मानावयाचे, ही समजूत या भूमीत तेव्हापासून रुजलेली आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

नदीचे पात्र हेच सभागृह

ती निगमसभा कोठे भरत होती हे आज सांगता येणार नाही. आजच्या नाशिकची सभा मात्र नदीच्या पात्रात भरते. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो, आणि 'गंगेवर जाऊन येतो' या त्याच्या वाक्यात स्नान, बाजार, श्राद्ध, सभा आणि नुसते फिरणे यांपैकी काहीही असू शकते. रामकुंड १६९६ साली चित्रराव खटावकरांनी बांधविले, आणि पुढे पेशव्यांच्या घरच्या गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. त्याच्या आसपास घाट, देवळे, धर्मशाळा आणि पटांगणे वाढत गेली. दर बुधवारी बाजार भरतो तो याच पात्रालगत. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थी विसर्जित झाल्या त्या याच रामकुंडात.

या जागेचा एक विशेष असा की ती दरसाल नदी आपल्या ताब्यात घेते. पूर किती आला हे नाशिककर आकड्यांत विचारीत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले, एवढे कळले की त्याला पुरते. नारोशंकराच्या देवळावरील घंटा हीही अशीच एक खूण. नारोशंकर राजेबहादूर यांनी ते देऊळ १७४७ साली बांधले. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली त्या विजयाची आठवण ही घंटा देते. १९६९, २००८ आणि २०१६ या साली आलेले पूर पाहिलेली माणसे अजून त्यांच्या खुणा भिंतीवर हात ठेवून दाखवितात.

आम्हांला वाटते की या पुरानेच आजवर घाट सार्वजनिक ठेवला. जेथे दर पावसाळ्यात पाणी यावयाचे तेथे कायमचे दुकान कोण थाटणार आणि कुंपण कोण घालणार? परंतु अलीकडच्या काळात ही सोय कमी होत चालली आहे. पात्रातील कित्येक जुनी कुंडे सिमेंट-काँक्रीटखाली गाडली गेली, आणि ते काँक्रीट काढावे म्हणून नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. घाट जितका पक्का आणि सोयीचा करावा तितका तो कोणाच्या तरी मालकीचा होण्याची शक्यता वाढते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

रहाड आणि रथ

आता उत्सवांकडे वळू. नाशिकची रंगपंचमी पाहिली नाही त्याला रहाड म्हणजे काय ते सांगून पटत नाही. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा जुन्या वस्तीतील चौकांत जमिनीखाली दगडी बांधणीचे पुरुषभराहून खोल हौद आहेत. ते पेशवाईपासूनचे मानले जातात. वर्षभर त्यांवर लाकडी फळ्या आणि माती घालून रस्ता केलेला असतो. त्यावरून गाड्या धावतात आणि भाजीवाले बसतात. नवख्याला पायाखाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही. रंगपंचमीच्या आधी आळीची माणसे ती माती उकरतात, हौद धुतात, रंग उकळून त्यात ओततात, पूजा करतात, आणि मग जो तो त्यात उडी घेतो. या उडीला 'धप्पा' म्हणतात. उत्सव संपला की रहाड पुन्हा बुजविली जाते. जागा एकच, ती तीनशे चौसष्ट दिवस रस्ता असते आणि एक दिवस उत्सव असते. सार्वजनिक जागेचा इतका काटकसरीचा वापर आम्ही दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसरा मोठा उत्सव रथाचा. रामनवमीनंतर दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध एकादशीस, रामाचा रथ आणि गरुडरथ असे दोन रथ निघतात. ते बैलांनी वा घोड्यांनी ओढावयाचे नसतात, माणसांनी ओढावयाचे असतात. रामरथाचा मान रास्ते आखाडा तालीम संघाकडे आहे आणि गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेकडे. मानाचे बुवा रथाकडे तोंड करून, हात जोडून, उलट्या पावली चालतात. रामरथ नदी ओलांडत नाही. गरुडरथ पलीकडे जुन्या नाशकात फिरून येतो, तोपर्यंत रामरथ त्याची वाट पाहत थांबतो. दोर, धुरा, वळण, उतार या प्रत्येक ठिकाणी कोणी उभे राहावयाचे हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले आहे. एवढे अवजड धूड अरुंद गल्ल्यांतून सुखरूप फिरते ते या ठरीव शिस्तीमुळे.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. शिस्त ठरलेली, मान ठरलेला, जागा ठरलेली. मग ज्यांच्या वाट्याला काहीच ठरविलेले नव्हते त्यांचे काय? हा प्रश्न १९३० साली याच रथाच्या दोराशी येऊन उभा राहिला.

दोराला हात लागण्यापूर्वी

काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले. दगड रामशेजच्या डोंगराचा. मंदिरासमोर वेगळा बांधलेला सुरेख सभामंडप आहे. नावाप्रमाणेच तो सभेसाठी, कथाकीर्तनासाठी बांधलेला. परंतु गावातील ज्या लोकांना अस्पृश्य म्हटले जाई त्यांना त्या सभेत प्रवेश नव्हता.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली नाशकात परिषद भरली, आणि तिसरे प्रहरी सुमारे पंधरा हजार लोकांची मिरवणूक चार-चारांच्या रांगांनी मंदिराकडे निघाली. ती मैलभर लांब होती. मंदिराचे दरवाजे बंद होते. तेव्हा ती मिरवणूक कोठे गेली? ती गोदावरीच्या घाटावर गेली आणि तेथेच तिची सभा झाली. देवळाच्या सभामंडपाने ज्यांना नाकारले त्यांना नदीच्या पात्राने बसावयास जागा दिली, ही गोष्ट आपण विसरू नये. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रिया होत्या. मंदिराच्या चारही दरवाजांसमोर ते सत्याग्रही शांतपणे बसले. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो लढा प्रत्यक्ष चालविला.

महिना उलटला आणि रथाचा दिवस आला, ९ एप्रिल. दोन्ही बाजूंच्या निवडक माणसांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड झालेली होती. पण ऐन वेळी ती मोडली. अस्पृश्य बंधूंचे हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पुढे पळविण्यात आला, दगडफेक झाली, सत्याग्रही रक्तबंबाळ झाले आणि बाबासाहेबांनाही दुखापत झाली. त्यांनी मागितले होते ते काय? धन नव्हे, जमीन नव्हे. गावाच्या रथाच्या दोराला गावातील इतर माणसांबरोबर हात लावू द्या, एवढेच. लढा चार वर्षे चालून १९३४ साली थांबला. मंदिर उघडले नाही. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिकच्या बंद दरवाजाचा त्या घोषणेशी असलेला संबंध वेगळा समजावून सांगावयास नको.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात जातीच्या कारणाने कोणालाही ज्या जागी मज्जाव करता येणार नाही त्या जागांची नावे आहेत : दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते आणि स्नानाचे घाट. घाट हा शब्द तेथे स्पष्टपणे आलेला आहे. तो वाचताना महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे महाडचे तळे आणि नाशिकचा घाट उभा राहिल्यावाचून राहत नाही. आपली पहिली कसोटी, येण्याच्या हक्काची, ही अशी रक्त सांडून मिळालेली आहे.

सरदार चौकाचा उतार

आता दुसरी कसोटी, जाण्याच्या वाटेची. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. मानापानाच्या जुन्या वादामुळे पेशवाईत वैष्णव आखाड्यांनी नाशकास आणि शैवांनी त्र्यंबकास स्नान करावे अशी विभागणी झाली. ती अजून चालू आहे. म्हणजे गर्दीची विभागणी हा विचार आपल्याकडे नवा नाही.

तरीही २७ ऑगस्ट २००३ रोजी, पर्वणीच्या दिवशी, सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे मेली. सरदार चौक काळाराम मंदिराजवळच, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर आहे. ज्या आळीत १९३० साली माणसांना आत येऊ दिले नाही, त्याच आळीत त्र्याहत्तर वर्षांनी माणसांना बाहेर पडता आले नाही.

मिरवणुकीतून नाणी उधळली गेली आणि ती वेचण्यासाठी लोक वाकले, असे त्या वेळी सांगितले गेले. परंतु केवळ नाण्यांना दोष देऊन भागणार नाही. गर्दीत माणसे कशी मरतात हे समजून घेतले पाहिजे. एका चौरस मीटरात चार माणसे असेपर्यंत प्रत्येक जण आपल्या पायांनी चालतो. सहा-सात झाली की कोणाचेच पाय त्याचे राहत नाहीत. समुदाय पाण्यासारखा हेलकावतो आणि त्याबरोबर माणूस वाहतो. अशा वेळी बहुतेक मृत्यू पायदळी तुडविल्याने होत नाहीत, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. पुढे काय झाले हे मागच्याला दिसत नाही, म्हणून तो रेटतच राहतो. त्यात वाट उताराची असली, पुढे निमुळती होत असली, आणि जाणारे व येणारे समोरासमोर भिडले, म्हणजे एक ठेच पुरते. तेव्हा दोष भाविकांच्या उतावीळपणाचा नसतो. वाट आखणाऱ्यांनी परतीचा विचार आधी केलेला नसतो.

२०१५ च्या सिंहस्थात हा धडा घेतलेला दिसला. मिरवणुकीचा मार्ग बदलला, नवे घाट बांधले, गाड्या गावाबाहेर थांबविल्या. पहिल्या पर्वणीस मात्र बंदोबस्त इतका आवळला की भाविकांना मैलोगणती चालावे लागले आणि नाशिककर घरातच अडकून पडला. दुसऱ्या पर्वणीस तो सैल करावा लागला. यातही शिकण्यासारखे आहे. माणसे येऊच दिली नाहीत तर चेंगराचेंगरी होणार नाही, हे खरे. पण मग तो उत्सव कोणाचा? सुरक्षिततेचे नाव घेऊन दरवाजा बंद करणे सोपे असते. दरवाजा उघडा ठेवून वाट मोकळी ठेवणे कठीण असते. पुढील सिंहस्थाच्या पर्वण्या २०२७ सालच्या आहेत. कोटींचे आकडे, नवे पूल आणि नवे रस्ते यांविषयी पुष्कळ बोलले जाईल. नाशिककराने प्रत्येक आराखड्याला हे दोनच प्रश्न विचारावेत : म्हाताऱ्या बाईला घाटापर्यंत येता येईल काय, आणि ती कोणत्या वाटेने परत जाईल?

पटांगणातील सतरंजी

समुदायाला स्वतःची शिस्त असू शकते याचे एक उदाहरण देऊन हे विवेचन संपवितो. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून हजारो शेतकरी मुंबईकडे पायी निघाले. त्यांत वनजमिनीच्या हक्कासाठी निघालेले आदिवासी पुष्कळ होते. कसारा घाट उतरून, सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालून ते राजधानीच्या वेशीशी पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून दिवसभर चाललेली ती माणसे, कित्येकांचे पाय फुटलेले असताना, रात्रीच पुन्हा चालू लागली आणि उजाडण्यापूर्वी आझाद मैदानात जाऊन बसली. स्वतः हक्क मागावयास निघालेल्यांनी दुसऱ्याच्या वाटेचा विचार केला. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, चपला दिल्या. राजधानीला त्या दिवशी नाशिकच्या रस्त्याने सभा कशी भरवावी हे शिकविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आपले पटांगण आझाद मैदानाएवढे मोठे नाही. ज्यांच्या समाधीपुढे ते आहे ते यशवंतराव महाराज मामलेदार होते. सटाण्यास असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, म्हणून लोकांनी त्यांना देव म्हटले. त्यांच्या नावाच्या या पटांगणात मे महिन्यात संध्याकाळी ऊन उतरल्यावर व्याख्यान सुरू होते. येथे तिकीट नाही आणि दरवाजाही नाही. गंगेवर फिरावयास आलेला माणूस दोन मिनिटे उभा राहतो, पटले तर बसतो, न पटले तर उठून जातो. येण्याचा हक्क आणि जाण्याची वाट ही दोन्ही येथे नकळत सांभाळली गेली आहेत. उषवदाताने निगमसभेत आपला लेख ऐकविला, त्याच रीतीने येथे बोलणाऱ्याला गावासमोर बोलावे लागते, आणि गाव ऐकून घेते.

म्हणून व्याख्यान संपल्यावर उठताना एवढे करावे. शेजारी नवा माणूस बसला असेल तर उद्या पुन्हा या असे त्याला सांगावे, आणि पायऱ्यांवर घोळका करून उभे न राहता मागून येणाऱ्यांना वाट द्यावी.